संध्याकाळचा रकाना

"पुन्हा एकदा मोजते हं," म्हणत अपेक्षानं टेप रामनाथच्या डाव्या पोटरीभोवती फिरवली आणि शैला पलंगाजवळ सरकली.

पहिल्यांदा मोजलं तेव्हाच पोरीच्या तोंडाकडे बघून तिला कळलं होतं. उजवी पोटरी, डावी पोटरी, मग वहीचं मागचं पान, मग पुन्हा डावी. नवऱ्याच्या मणक्याच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. ही फिजिओवाली पोर दर पंधरा दिवसांनी रविवारी दुपारची बोईसरहून केळव्याला यायची. टेप लावायची, व्यायाम करून घ्यायची, चहा प्यायची, शैलानं दिलेली केळी नको-नको म्हणत पिशवीत टाकायची आणि गाडी गाठायला पळायची. आज चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"काका, चालताय ना रोज?"

"चालतो की," पलंगाच्या कडेला बसलेला रामनाथ म्हणाला. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. फाटकापर्यंत आणि परत. कपाटावर कागद हाय, वाच."

कागद होताच. अपेक्षानंच तो पहिल्या दिवशी आखून दिला होता. तारखा आणि पुढे तीन रकाने. फेरी झाली की त्यात लाल पेनानं बरोबरची खूण करायची. आठ आठवड्यांत एक रकाना मोकळा नव्हता. आल्यागेल्याला शैला तो कौतुकानं दाखवायची, शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

"बरं, उभे राहा बघू. मला धरायचं नाही, वॉकरला धरा."

रामनाथनं वॉकर धरला, जोर केला, कुल्ले चार बोटं वर गेले आणि तो धप्पकन खाली बसला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा उभा राहिला, पण डावा गुडघा असा लटलटायला लागला, की शैला धावत काखेत हात घालायला गेली.

"काकी, तुम्ही थांबा."

"अगं पडतील ना!"

"पडू देणार नाही मी. थांबा तुम्ही."

तोवर रामनाथ बसलासुद्धा. घाम पुसत म्हणाला, "आज जरा अशक्तपणा हाय. काल जेवन नीट नाय गेलं."

"दवाखान्यातून घरी आलात तेव्हा याच वॉकरवर एका झटक्यात उभे राहिला होतात," अपेक्षा म्हणाली. "मागच्या वेळी दोन्ही पोटऱ्यांत दीड सेंटीमीटरचा फरक होता. आज अडीचचा आहे. पाय भरायला हवा होता काका, तो सुकत चाललाय."

दारात उभा असलेला केदार आत आला. शैलाच्या या धाकट्याला एक खोड होती, काही बिघडलं की आधी बाहेरच्या माणसावर खेकसायचं. "मॅडम, व्यायामच चुकीचे दिले नसतील ना तुमी? कागद भरलाय सगळा. आमच्याकडून काय कमी नाय."

"व्यायाम चुकीचे असते तर दुखलं असतं. इथं दुखतही नाहीये," अपेक्षानं टेप गुंडाळली. "हे बघा, गुरुवारी पालघरला डॉक्टरांनी बोलावलंय. ते पाय बघून मलाच विचारणार. दबलेली नस त्यांनी मोकळी केली, त्यांचं काम झालं. नस मोकळी झाली म्हणून पाय आपोआप चालत नाही. त्याला चालवावं लागतं, आणि ते याच महिन्यांत. आता वापरला नाही तर पाऊल असंच घसटत राहायचा धोका आहे."

"कायम?" शैलानं विचारलं.

"कायम. आज वॉकर आहे, उद्या तोही नको वाटेल. मग पलंग."

पलंग म्हटल्याबरोबर शैलाची नजर खिडकीखालच्या त्या कोपऱ्याकडे गेली. तिथं आता शिलाई मशीन होतं. तिथं पूर्वी कुणाचा पलंग होता ते या घरात कुणी बोलत नसे. तिनं नजर वळवली.

रूपल मात्र कागदासमोर उभी होती. केदारची बायको, तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कामाला. दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि शीटवर लिहायचं, हेच काम. शिफ्ट संपताना आठ तासांची रीडिंगं एका दमात खरडणारे महाभाग तिनं सहा वर्षं पाहिले होते. दोनदा तर घाई होती म्हणून तिनं स्वतःही खरडली होती. त्यामुळे हा कागद तिच्या डोळ्यांना पहिल्यापासून खुपत होता, पण सासरच्या माणसांचा कागद, सुनेनं कशाला तपासायचा? आज मात्र तिला राहवेना.

"मम्मी, तेरा तारखेला बाबांना ताप होता ना? एकशे दोन?"

"होता की. मीच पट्ट्या ठेवत होते दिवसभर."

"मग तेराला तीन फेऱ्या कशा झाल्या?"

रूपलनं बोट खालच्या ओळीवर नेलं.

"आणि संध्याकाळी बाबांना चालवायला येणारे आत्मारामकाका वीस तारखेला वाणगावला लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी आले. वीसची संध्याकाळची फेरी कुणी करून घेतली?"

"रूपल, तू आता तुझ्या लॅबचं इथं नको काढूस," केदार म्हणाला.

"मी लॅबचं नाही काढत. दुपारची खूण तुझी आहे ना? मग दुपारी चालतात का बाबा, एवढंच सांग."

केदारनं आईकडे बघितलं. "मला म्हनायचे, सकाळीच तुझ्या आईनं दोन मारून घेतल्या, आता पाठ भरून आलीय. मी म्हटलं, दोन झाल्या तर झाल्या. तर खूण केली."

"दोन?" शैलाचा आवाज चढला. "अरे, मला तर म्हनायचे, रातभर डोळ्याला डोळा नाय, आता नको, दुपारी केदार चालवेल. मी आपली मोरीपर्यंत न्यायचे न् आणायचे. ते काय चालनं नाय? ते धरून केली मी खूण!"

"मोरी आठ पावलं आहे मम्मी."

"मला ठाऊक हाय किती पावलं हाय! घर माझं हाय!"

पुढची पाच मिनिटं त्या खोलीत कोण कुणाच्या बाजूनं आहे तेच कळेना. शैला केदारला म्हणाली, बापाला विचारायचं तर डोळ्यांत डोळे घालून विचारायचं, मोबाइलात बघत नाय. केदार म्हणाला, तू त्यांना लोण्याच्या गोळ्यासारखं जपतेस म्हणून हे झालं. रूपल नवऱ्याला गप्प करायला गेली, तर सासू तिच्यावरच उलटली. इतकं दिसत होतं तर आधी का नाय बोललीस, मूग गिळून गप्प बसलीस? तेही खरंच होतं, म्हणून रूपलला जास्त लागलं. आणि ज्याच्या पायावरून ही रणधुमाळी, तो रामनाथ पलंगाची चादर उगाच सारखी करत, परत विस्कटत, परत सारखी करत बसला होता.

"बाबा," शेवटी केदार त्याच्याकडे वळला, "सकाळी नाय, दुपारी नाय. संध्याकाळी तरी चालता का? काकांसोबत?"

रामनाथ चादरच सारखी करत राहिला. तेवढ्यात रोजच्यासारखी पाच वाजता अंगणाच्या फाटकाची कडी वाजली आणि सगळ्यांची डोकी एकदम दाराकडे फिरली.

आत्माराम विड्याच्या पानांची टोपली काखेला लावून उंबऱ्यावर आला आणि तिथंच थबकला.

भांडणाचा वास त्याला लगेच यायचा, आणि या घरातल्या भांडणाचा तर जास्तच. मधल्या कुंपणापलीकडे त्याचं घर, शंभर पावलांवर, पण हा उंबरा त्यानं अकरा वर्षं ओलांडला नव्हता. दोन महिन्यांपूर्वी शैलावैनी स्वतः कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, भावोजी, ते दवाखान्यातून आलेत, एकदा या. तो आला. काय बोलायचं सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मळ्यातली पानं घेऊन आला. दोघं भाऊ पलंगावर समोरासमोर बसून पानं निवडायला लागले. भोकाचं बाजूला, पिवळं बाजूला, मोठ्यावर मोठं, लहानावर लहान. अकरा वर्षांत जे बोलले नाहीत ते बोलायची गरजच पडली नाही. पानांचा भाव, नारळावरचा किडा, शनिवार-रविवारी किनाऱ्यावर येऊन वाडीत गाड्या घुसवणारे मुंबईकर, यावर तास कसा जायचा कळायचं नाही. त्याची बायको रखमा म्हणायची, पोरीच्या लग्नात हसला नव्हतात तेवढे आता हसता.

"काका," केदार म्हणाला, "बाबा संध्याकाळी चालतात का?"

आत्मारामनं टोपली खाली ठेवली. थोरल्या भावाकडे बघितलं. रामनाथनं मान हलवली न हलवल्यासारखी केली. नको सांगूस.

"नाय," आत्माराम म्हणाला.

"एकदाही?"

"पहिले दोन दिवस फाटकापर्यंत गेला. मग नाय."

"आणि या खुणा?"

"मी केल्यात."

"वीस तारखेची?"

"दुसऱ्या दिवशी येऊन केली. रकाना मोकळा दिसला तर वैनी विचारतील म्हनून."

शैला पुढे आली. मोठ्या मुश्किलीनं तिनं या दिराला परत घरात आणलं होतं. केदारचा विरोध होता, तरी आणलं होतं. तिला वाटलं, कुणीतरी गालफडात मारावी तसं. "भावोजी, मी तुमच्या जिवावर निर्धास्त होते. पोरगं बापाला बोलू शकत नाय, मला तर ते गुंडाळतात, पण भाऊ म्हटला की ऐकतील, असं वाटलं मला. आणि तुमी खुणा करत बसलात?"

केदार तर पेटलाच. "वा काका! आजीच्या वेळी तुमी हे घर डोक्यावर घेतलं होतं ना? उठवा तिला, उभी करा, चालवा! तिच्या मांडीचं हाड जोडलेलं, ती बोंबलतेय, तरी तुमी काखेत हात घालून उभी करत होता. आठवतंय मला, मी एकोणीस वर्षांचा होतो. आईला छळलंत, आणि भावाला मात्र—"

"केदार!" रूपल मध्ये पडली. "त्यांनी खोटी खूण केली, तर तू काय खरी केलीस? तीन रकाने आहेत त्या कागदावर. एकट्या काकांच्या गळ्यात कशाला घालतोस?"

"तू कुणाच्या बाजूनं हायस?"

"बाबांच्या पायाच्या बाजूनं! दुसरं कोण आहे इथं त्या बाजूनं, दाखव मला."

आत्मारामनं हात वर केला. त्याचा आवाज कधीच चढायचा नाही, आत्ताही चढला नाही. "तो बोलतो ते खरं हाय. त्याला बोलू दे. वैनी, मी या खोलीत एकदा ऊठ म्हटलं होतं. आईला. डॉक्टरनंच सांगितलं होतं, उभी करा नायतर जाईल. ती ओरडली, दादा धावत आला, माझी गचांडी धरली न् मला ओट्याखाली ढकलला. आईला छळतोस, परत पाय ठेवू नकोस म्हनाला. नाय ठेवला. आई पलंगावर एकोणीस महिने झिजली, पाठीला जखमा झाल्या, ते मी कुंपणापलीकडून ऐकलं. आणि आता अकरा वर्सांनी भाऊ परत समोर बसला. तो म्हनाला, आत्मा, आज नको, खूण कर. मी म्हटलं, ऊठ म्हटलं न् परत हाकलला तर?" त्यानं नाक पुसलं. "भ्यालो मी. माझी चूक हाय. कबूल."

 केदार दोन पावलं मागे सरकला.

"त्याला कायला बोलता सगळे?" रामनाथ अचानक ओरडला. "मी सांगितलं त्याला! माझा पाय हाय, सुकेल नायतर सडेल! तुमी जा बाहेर. सगळे जा. कटकट नुसती!"

अपेक्षानं वही मिटली. ती पुढे आली. "काका, एकच सांगा. दुखतं का?"

"नाय."

"पडायची भीती वाटते?"

"नाय."

"मग का नाही उठत?"

रामनाथनं चादर सोडली. मग म्हणाला, "तू शहाणी हायस पोरी. पण तूही जा जरा बाहेर. आत्मा थांबेल."

सगळी ओट्यावर गेली. दार नुसतं लोटलं. अपेक्षानं घड्याळ बघितलं, केळवे रोडहून सुटणारी गाडी आता मिळणार नव्हती, आणि ती बाहेर दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

आत रामनाथच्या मनात काय चाललं होतं, ते त्याला स्वतःलाही नीट लावून घेता येत नव्हतं. घरी आल्यापासून तो हे बोलायचं टाळत होता. झोप नाही म्हणायचा, ते खोटं नव्हतं, झोप खरंच लागत नव्हती. कूस बदलताना तो खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाठ करायचा. पाठ दुखली की नाइलाजानं तोंड करायचा. मशीनवर शैलानं फुलाफुलांचं कापड टाकलं होतं, तरी त्याला तिथं पलंगच दिसायचा.

"बस," तो आत्मारामला म्हणाला.

"नाय बसत. बोल."

"दवाखान्यात चवथ्या दिवशी तिथल्या व्यायामवाल्या पोरांनी मला उभं केलं. दोघांनी दोन बाजूनं धरून. मी शिव्या घातल्या, बोंबललो. मेलो मेलो म्हनून सगळा वॉर्ड जागा केला. त्यांनी नाय ऐकलं. नऊ पावलं चालवलं मला. तेवढी झाल्यावरच बसवलं."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी दुखनं निम्मं. तिसऱ्या दिवशी तीस पावलं. तिथली नर्स हसली. म्हनाली, आजोबा, ओरडलात तेवढं काय नव्हतं ना? मी पण हसलो. आणि रातच्याला पडल्या पडल्या डोक्यात आलं ते आलं. जाईना." रामनाथनं ओठ हातानं दाबले.  "आई अशीच ओरडली होती, आत्मा. माझ्याएवढीच. जास्त नाय."

आत्मारामची नजर खिडकीखालच्या कोपऱ्याकडे गेली.

"घरी आलो. पहिले दोन दिवस तुझ्यासोबत फाटकापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी परत येताना पाय हलका लागला. तर मला घामच फुटला. म्हटलं, हा पाय बरा होतोय. नुसता उठवला, चालवला, न् बरा होतोय. बस, तिथनं पुढं मला उठवेना." त्यानं मान वर केली. डोळे वाहत होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. "मी चाललो, तर आई पण चालली असती."

हे वाक्य आत्मारामनं अकरा वर्षं मनात ऐकलं होतं. विहिरीवर, पानमळ्यात, जेवताना. दादा एक दिवस येईल, म्हणेल, तू बरोबर होतास. मग आपण काय काय सुनवायचं तेसुद्धा त्याचं ठरलेलं होतं. आता ते समोर आलं होतं आणि त्याला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. समोर चौसष्ट वर्षांचा भाऊ बसला होता, एक पाय जाडा, एक बारीक. नाय रे दादा, तिचं वय झालं होतं, तुझा काय दोष, असं म्हणणं किती सोपं होतं. घरातला प्रत्येक जण हेच म्हणाला असता. तो बोलायला गेला, आणि थांबला. याच्याशी आता गोड बोलायचं म्हणजे कागदावर आणखी एक खूण करायची.

"हो," आत्माराम म्हणाला. "चालली असती."

रामनाथच्या तोंडून हुंदका फुटला. असा, की बाहेर शैला उठून उभी राहिली.

"काठीवर चालली असती, वाकून चालली असती," आत्मारामचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "पण चालली असती. तू तिला माया म्हनून झोपवलंस. मला ठाऊक हाय, माया होती. मला राग त्याचा नव्हता कधी. ऊठ आता."

"नाय होत."

"होतं. ऊठ."

"आत्मा, मला नाय—"

"दादा, ऊठ!"

त्यानं वॉकर ओढून पुढ्यात आणून आपटला. रामनाथनं दोन्ही हातांनी तो धरला. पहिल्या खेपेला मागे पडला. आत्मारामनं काखेत हात घातले, तसेच, जसे आईच्या काखेत घातले होते, कोपरापर्यंत आत, आणि वर उचललं. अर्ध्यात आल्यावर रामनाथच्या डाव्या मांडीत अशी कळ उठली की तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "आई गं!"

दार धाडकन उघडलं. केदार पुढे, मागे शैला, रूपल. केदारला समोर दिसलं ते एवढंच, की काकानं बापाला काखेत धरून खेचलंय, बाप थरथर कापतोय, तोंड आवळून रडतोय. तो तसाच आत घुसला. "काका, सोडा त्यांना! मरतील ते! सोडा म्हनतो ना!" आणि त्यानं आत्मारामच्या सदऱ्याला मागून मूठ घातली.

आत्मारामनं सोडलं नाही. पण त्याचे डोळे मिटले गेले. आता काय होणार ते त्याला माहीत होतं.

"केदार."

रामनाथ उभा होता. दोन्ही हात वॉकरवर, गुडघा लटपटतोय, नाकातोंडातून पाणी गळतंय, पण उभा होता. अपेक्षा दारातून धावली ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन थांबली. तिनं हात पुढे केले, पण लावले नाहीत.

"हात काढ त्याच्या अंगावरचा," रामनाथ म्हणाला.

"बाबा, तुमी ओरडलात—"

"ओरडलो. आनखी ओरडेन. पावलापावलाला बोंबलेन, साऱ्या केळव्याला ऐकू जाऊ दे. तुमी कुणी आत यायचं नाय." त्यानं श्वास घेतला. "आणि याला या घरातनं बाहेर काढायचं नाय."

केदारची मूठ सुटली. रामनाथनं वॉकर वीतभर पुढे सरकवला आणि डावा पाय उचलून टाकला.